ट्रोम्सोला पहिलंच वर्ष, अंधार पडायच्या आत कुठले डोंगर करू?

तोरणा_टू_ट्रोम्सो
नमस्कार मंडळी, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बायको आणि मी पुण्याहून इथे उत्तर नॉर्वेत आलोय, युनिव्हर्सिटीत दोन वर्षांचं काम आहे. पुण्यात असताना राजगड-तोरणा, हरिश्चंद्रगड, एकदा नळीची वाट पण केलीय, त्यामुळे डोंगर दिसला की पाय शिवशिवतात आणि इथे तर भांडी घासतानाच खिडकीतून डोंगर दिसतो! पण ऑफिसात जो तो एकच म्हणतोय, थांब, नोव्हेंबर येऊ दे मग कळेल. आई रोज फोनवर विचारते, उजेड आहे ना रे अजून. तर बर्फ पडेपर्यंत किती दिवस हातात आहेत, सुरुवात कुठून करू, आणि अंधारात लोक नक्की करतात काय? बायकोला ट्रेकची अजिबात सवय नाही हे धरून सांगा.

क्वालोयाकर
ये भावा, स्वागत! मी अकरा वर्षं आहे इथे. पहिलं म्हणजे सप्टेंबर हातचा घालवू नकोस, ऑफिसचं काय व्हायचं ते होऊ दे. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बर्चची झाडं पिवळी व्हायला लागतात आणि त्याच्या वर, जिथे झाडं संपतात ना, तिथे घोट्याएवढी झुडपं लालभडक होतात, आख्खा उतार कुंकू सांडल्यासारखा. पण हे टिकतं जेमतेम दोन आठवडे, एक मोठं वादळ आलं की एका रात्रीत सगळं खाली. मी एका वर्षी "पुढच्या वीकेंडला जाऊ" म्हणालो आणि पुढच्या वीकेंडला नुसत्या काटक्या बघितल्या.

सुरुवात शेर्पाट्रापाने कर. नावाप्रमाणे खरंच नेपाळहून आलेल्या शेर्पांनी रचलेल्या दगडी पायऱ्या आहेत, बाराशेच्या वर, थेट शहरासमोरच्या स्टुर्स्टाइनेन डोंगरापर्यंत म्हणजे ४२१ मीटर. वहिनींना सांग, वर केबल कार आहे, उतरताना गुडघे वाचतील. दम उरला तर तिथून पुढे फ्लोया, ६७१ मीटर. शेजारून एखाद्या आजीबाई झपझप पुढे निघून जातील, मनाला लावून घ्यायचं नाही.

आणि एक, आकड्यांवर जाऊ नकोस. ट्रोम्सडालस्टिंडेन १२३८ मीटर आहे बघून मी म्हणालो होतो, हॅ, कळसूबाई १६४६ केलीय आपण. अरे पण कळसूबाईला आपण बारी गावातून सुरू करतो, ते गावच केवढ्या उंचीवर! इथे चढाई जवळजवळ समुद्रापासूनच सुरू होते. जून महिना, सूर्य मावळतच नाही, रात्रीचे अकरा, डोक्यावर ऊन, अंगात माज, पायात रनिंग शूज. वरच्या टप्प्यात बर्फ तसाच होता, एक पाय मांडीपर्यंत आत गेला आणि मी गुपचूप मागे फिरलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगायची लाज वाटत होती तर सगळे म्हणाले शाब्बास. यांच्या डोंगरातल्या नऊ नियमांत एक नियमच आहे की वेळेत माघारी फिरा, त्यात लाज नाही. ते नियम क्विक लुन्श नावाच्या चॉकलेटच्या कागदाच्या आतल्या बाजूला छापतात, त्यामुळे पोरासोरांना पण पाठ!

किरुना_काकू
मी सीमेपलीकडची, स्वीडनवाली, तरी मधे तोंड घालते. ट्रोम्सोला पाऊस लागला की तिथे बसून राहू नका, नार्विकपर्यंत बस आणि तिथून ट्रेनने आमच्या बाजूला आबिस्कोला या. कोकणात धो धो आणि माणदेशात ठणठणाट, तसलाच प्रकार आहे, समुद्राकडून आलेले ढग नॉर्वेच्या डोंगरांवर रिकामे होतात आणि आबिस्कोला वर्षाला साधारण ३०० मिमी पडतो फक्त. तिथूनच कुंग्सलेडेन सुरू होते, हेमावानपर्यंत ४४० किमीची पायवाट, सगळी करायला कोण सांगतंय, एक दिवस नदीच्या कडेने जाऊन परत या. वाट सपाट आहे, बायकोला झेपेल. समोर लापोर्टेन दिसतं, दोन डोंगरांच्या मधे कोणीतरी डावाने दही काढावं तसा खळगा.

अजून एक सांगायचं राहिलं. आपले सहा ऋतू, इथल्या सामी लोकांचे आठ. रेनडिअरच्या मागे हिंडणारी माणसं, त्यांना हिवाळा आणि वसंत यांच्या मधला ऋतू वेगळा, उन्हाळा आणि शरद यांच्या मधला वेगळा. पहिल्या वर्षी मला हे उगाच वाटलं होतं, आता मार्चमधे लख्ख ऊन आणि कमरेएवढा बर्फ दोन्ही एकदम असतं तेव्हा त्याला हिवाळा म्हणवत नाही आणि वसंत तर नाहीच नाही.

मीठमिरची
वरच्या दोघांनी छान छान सांगितलं, आता मी खरं सांगते. माझा पहिला हिवाळा वाईट गेला. २७ नोव्हेंबरच्या सुमाराला सूर्य जातो तो जानेवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजाच्या वर येतच नाही, आणि डोंगर आडवे असल्याने शहरात दिसतो २१ जानेवारीच्या आसपास. मी दुपारी झोपायचे, रात्री जागायचे, नवऱ्यावर खेकसायचे. मग शेजारणीने बजावलं, अकरा ते एकमधे काहीही होवो बाहेर पडायचं, कारण अगदी काळोख नसतो गं, दुपारी निळा उजेड असतो, बर्फ निळा, घरं निळी, कधी खालच्या कडेला गुलाबी रेघ. शिवाय आपलं शहर ज्या बेटावर आहे त्याच्या लांबीभर दिवे लावलेली स्की करायची वाट आहे, लोक ऑफिस सुटल्यावर तिथे असतात. रोज चमचाभर कॉड लिव्हर ऑइल घेते, इथे म्हणतात ज्या महिन्याच्या नावात र आहे त्या महिन्यात घ्यायचं. वास सहन होत नाही, वर लिंबाचं लोणचं चाटते.

आणि सूर्य परत येतो त्या दिवशी सगळे सूलबोले खातात, जॅम भरलेला तळलेला गोळा, मुलांना शाळेतून बाहेर आणतात बघायला. मी पहिल्या वर्षी रडले होते, चेष्टा करायची असेल तर करा.

@तोरणा, हिवाळ्यात डोंगरावर एकटा जाऊ नकोस, कळकळीने सांगते. तीस अंशाच्या वरचा उतार असला की बर्फाचा अख्खा थर सुटून खाली येऊ शकतो, आणि आपण उतारावर नसलो तरी पायथ्याशी असलो की झालंच. आधी वारसोम या साइटवर हिमस्खलनाचा इशारा बघायचा, मग बूट घालायचे. सह्याद्रीतला अनुभव इथे कामाला येत नाही, कारण आपल्याकडे डोंगर जागेवर थांबतो.

क्वालोयाकर
+१. आणि सुती बनियन घालून जाऊ नकोस, घाम आला की गार पडतं, आतून लोकरच.

तोरणा_टू_ट्रोम्सो
अपडेट द्यायला उशीर झाला, सॉरी. मागच्या रविवारी पायऱ्या केल्या. तीनशेव्या पायरीला बायको म्हणाली तू जा, मी इथेच बसते. मग बाजूला ब्लूबेरी दिसल्या, त्या खात खात ती कधी वर पोचली तिलाच कळलं नाही, जीभ जांभळी! केबल कारने खाली जाऊ म्हटलं तर नको म्हणाली, उतरताना अजून वेचायच्या आहेत, डब्यातला तिखटमिठाचा सांजा संपवून त्यातच भरून आणल्या. उजेड रोज दहा मिनिटांच्या आसपास कमी होतोय, रात्रीच्या जेवणाला आता दिवा लावायला लागतो, हे आईला अजून सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या माझ्याच दुखत होत्या. आता तिला आबिस्को करायचंय, काकू, सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी पानं असतील का हो झाडावर?

किरुना_काकू
शेवटच्या शनिवारी कशाला, या शनिवारीच या. थर्मास आणा, चहा मसाला माझ्याकडे आहे.