वापरलेल्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची रिंग, डायल आणि बटणे दुकानातच कशी पारखावीत?

पंचवटीकर

नमस्कार. गोदाघाटावरची लहान देवळे आणि पांडवलेण्यांतील शिलालेख यांची छायाचित्रे मी आजवर मोबाइलवरच काढत आलो आहे. परंतु लेण्यातल्या अंधारात अक्षरांच्या कडा पुसट येतात आणि छायाचित्र मोठे करून पाहिले की दगड मेणाचा असल्यासारखा गुळगुळीत दिसतो. आता शहरातील एका दुकानात कॅनन पॉवरशॉट जी७ एक्स मार्क २ हा २०१६ साली बाजारात आलेला कॅमेरा वापरलेल्या स्थितीत मिळत आहे. त्याच्या लेन्सभोवती फिरणारी रिंग आहे, वर दोन मजली डायल आहे, पडदा स्पर्शाने चालतो, पण डोळा लावून पाहण्याचा व्ह्यूफाइंडर नाही. रिंग आणि डायल यांचा रोजच्या कामात खरोखर उपयोग होतो का, आणि दुकानदार हातात देईल त्या अर्ध्या तासात मी नेमके काय तपासावे?

रामशेज

आपल्या कामासाठी मी दोन मजल्यांपैकी खालच्या डायलला, म्हणजे छायाचित्राचा उजेड कमी-अधिक करणाऱ्या ‘एक्सपोजर कॉम्पेन्सेशन’च्या डायलला, सर्वांत जास्त गुण देईन. आपल्या काळाराम मंदिराचेच उदाहरण घ्या. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम उजेडाचे असावे असे कॅमेऱ्याचे प्रकाशमापन गृहीत धरते, त्यामुळे काळ्या दगडाने चौकट भरली की कॅमेरा उजेड वाढवतो आणि दगड राखाडी होऊन बसतो. हा डायल उणे १ वर नेला की दगड पुन्हा काळा दिसतो. चुन्याने रंगवलेल्या देवळापुढे हेच उलट होते आणि तेथे डायल अधिकच्या बाजूला न्यावा लागतो. मोबाइलवरही बोट सरकवून हे जमते, पण बहुधा प्रत्येक छायाचित्राला नव्याने. डायल मात्र ठेवला तेथे राहतो आणि कॅमेरा सुरू करण्याआधीच वरून नजर टाकली की कळतो.

अर्थात, ठेवला तेथे राहतो हे डायल घट्ट असला तरच खरे. माझ्या जुन्या कॅमेऱ्याचा (कंपनी वेगळी होती) डायल पिशवीतून काढताना अधिक १ च्या पुढे सरकला होता आणि उन्हात पडदा नीट दिसत नसल्यामुळे ते माझ्या ध्यानात आले नाही. रामकुंडावरची सबंध सकाळ पांढऱ्याफटक आकाशाची झाली. म्हणून दुकानात अंगठ्याने डायल प्रत्येक खाचेवर थांबवून पाहावा आणि मग कॅमेरा खिशात चार-पाच वेळा घालून-काढून आकडा बदलतो का ते पाहावे.

व्ह्यूफाइंडर नसल्याची अडचण नाशिकच्या उन्हात भासणारच. कॅमेरा दुकानाबाहेर नेऊन, पडद्याची चमक पूर्ण वाढवून, हिस्टोग्राम (छायाचित्रात अंधार आणि उजेड किती आहे ते दाखवणारा आलेख) वाचता येतो का एवढे पाहा. तो वाचता आला तर पडद्यावरचे चित्र फिके दिसले तरी फारसे बिघडत नाही.

त्रिरश्मी

डायलबद्दल सहमत आहे, परंतु शिलालेखांसाठी निर्णय लेन्स आणि सेन्सर (उजेड टिपणारी चकती) यांवर व्हावा असे मला वाटते. या कॅमेऱ्याचा सेन्सर ‘१ इंची’ म्हणवतो. प्रत्यक्षात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा आहे, म्हणजे त्याची एकही बाजू इंचभर नाही. तरीही साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत असतो त्या १/२.३ इंची सेन्सरच्या सुमारे चौपट क्षेत्रफळ त्याला मिळते, आणि लेन्स झूमच्या रुंद टोकाला एफ/१.८ तर १०० मिलिमीटरच्या, म्हणजे दूरचे जवळ आणणाऱ्या, टोकाला एफ/२.८ इतकी उघडते (एफचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे आणि उजेड जास्त). लेण्यात तिपाई नेता आली नाही तर हाच फरक कामी येतो.

शिलालेख मात्र रुंद टोकावर टिपू नये, कारण जवळून काढताना दर्शनकोनामुळे कडेची अक्षरे ताणल्यासारखी दिसतात. रिंगला झूमचे काम दिले तर ती २४, २८, ३५, ५० मिलिमीटर अशा ठरावीक टप्प्यांवर थांबते. ५० वर ठेवून सगळ्या ओळी त्याच अंतरावरून घेतल्या की पुढे छायाचित्रे जुळवणे सोपे जाते. रिंग खटखट आवाज करत किंवा आवाजाविना फिरवण्याची कळ लेन्सशेजारीच आहे, ती दोन्ही बाजूंना नीट बसते का तेही पाहावे. आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश बंदच ठेवावा: समोरून पडलेल्या उजेडात कोरलेल्या अक्षरांची सावली नाहीशी होते. बाजूने, भिंतीला जवळजवळ टेकवून बॅटरीचा झोत टाकला तर झिजलेले अक्षरही उठून दिसते. छायाचित्रे रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये, घ्यावीत. आपण म्हणता तो मेणचटपणा बराचसा आपोआप होणाऱ्या नॉइज (अंधारातल्या छायाचित्रात दिसणारे दाणे) घालवण्याच्या प्रक्रियेतून येतो.

धुळीचा_अनुभव

एकच भर घालतो. या कॅमेऱ्याची लेन्स काढता येत नाही, त्यामुळे आत गेलेली धूळ घरी साफ करता येत नाही आणि कॅमेरा उघडून घ्यावा लागतो. दुकानात छिद्र एफ/११ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र काढा व पडद्यावर मोठे करून चारही कोपऱ्यांत धुळीचे डाग दिसतात का ते पाहा. एफ/१.८ वर हे डाग दिसत नाहीत, म्हणून दुकानदाराने स्वतः काढून दाखवलेल्या नमुन्यावर विसंबू नये. बॅटरीही जुनी असणार. नव्या बॅटरीवरच कंपनीचा आकडा सुमारे २६५ छायाचित्रांचा आहे, तेव्हा दुसऱ्या बॅटरीची किंमत व्यवहारात आधीच धरावी.

पंचवटीकर

सर्वांचे आभार. काल संध्याकाळी जाऊन आलो. डायल उत्तम घट्ट आहे आणि खिशातून पाच वेळा काढूनही शून्यावरून हलला नाही. रिंग आवाजाविना फिरवताना फार मोकळी वाटली, खटखट चालू ठेवल्यावर मात्र टप्पे हाताला स्पष्ट कळले. उन्हात पडदा जेमतेम दिसला, पण हिस्टोग्राम वाचता आला. शेवटी एफ/११ वर भिंतीचे छायाचित्र काढले, तर वरच्या डाव्या कोपऱ्यात तीन करडे ठिपके निघाले. झूम बदलूनही ते जागचे हलले नाहीत. दुकानदार आधी भिंतीलाच दोष देत होते, म्हणून त्यांच्या टेबलावरच्या कोऱ्या कागदाचे छायाचित्र काढून दाखवले. आता ते सेन्सर साफ करून देण्यास तयार झाले आहेत. पुढच्या आठवड्यात तोच कागद घेऊन पुन्हा जाणार आहे. पैसे तोवर दिलेले नाहीत.