१० जीला गुपचूप चाललेली फायबर १०० जीला का पडते?

रॅकखालचा:
मंडळी, डोकं चालेनासं झालंय. हिंजवडीत फेज २ला आमची सर्व्हर रूम, दोन हॉलमध्ये जुनी ओएम३ (मल्टीमोड फायबरचा एक प्रकार) ट्रंक, म्हणजे बारा फायबरची एक केबल, आहे ८५ मीटरची, तिच्यावर इतकी वर्षं १० जी (सेकंदाला १० गिगाबिट) बिनतक्रार चाललं. आता कॅसेट (ट्रंकचे फायबर सुटे करून देणारी डबी) काढून थेट एमपीओ (बारा फायबरचा एकच कनेक्टर) लावला, दोन्हीकडे १०० जी एसआर४ मॉड्यूल (सिग्नलचा उजेड करून २५-२५ जीच्या चार लेनवर पाठवणारी) टाकली, तर लिंक येते, दहा-पंधरा मिनिटं बरी राहते आणि पडते. स्विचवर बघितलं तर तीन लेनची रिसीव्ह पॉवर (पोचलेला उजेड) उणे १.५ डीबीएमच्या आसपास आणि एकीची उणे ९.२, म्हणजे बरीच मंद. अलार्म एकही नाही. मॉड्यूल बदलून पाहिली, तीच लेन. केबलवाला म्हणतो मॉड्यूल, मॉड्यूलवाला म्हणतो केबल, साहेब म्हणतात सोमवारपर्यंत करा.

चिंचवडचा_स्प्लायसर:
एकच लेन मंद आहे ना, मग हा अंतराचा दोष नाही, अंतर चौघींना सारखंच. पावणेआठ डीबी म्हणजे उजेड सहाव्या हिश्श्यावर आलाय भावा. टोकाला स्कोप (फायबरचं तोंड मोठं करून दाखवणारा) लावून बघ. एसआर४ला बारापैकी कडेचे चार-चार फायबरच वापरात असतात, मधले चार रिकामे, तेव्हा कडेचे नीट बघ. मॉड्यूलच्या तोंडात पिना असतात, त्यांच्या बुडाशीही कचरा बसतो. एमपीओचा क्लीनर वापर, शर्टाच्या टोकाने पुसू नकोस (हसू नका, पुसणारा मी डोळ्यांनी बघितलाय). त्यात तुमच्याकडे मेट्रोच्या कामाची धूळ.

रॅकखालचा:
दादा, पाय कुठायत तुमचे! खरंच एका फायबरच्या बरोबर मधोमध ठिपका होता. पहिल्यांदा पुसलं तर नुसता सरकला, तिसऱ्या वेळी गेला. लेन आता उणे २.१, रात्रभर लिंक पडली नाही. पण एफईसीचा (वाटेत चुकलेले बिट दुरुस्त करणारी सोय) करेक्टेडचा आकडा चारही लेनवर पळतोय, हे नॉर्मल आहे का?

प्रकाशाचा_हमाल:
करेक्टेड थोडे येणारच, १०० जी एसआर४ एफईसी धरूनच बनवलंय, अनकरेक्टेबल (दुरुस्त न होणारे) वाढतात का ते बघ. पण तुझी दुसरी गोची अजून तशीच आहे. ओएम३वर १० जी एसआरला ३०० मीटर मिळतात, १०० जी एसआर४ला फक्त ७०. तू ८५वर आहेस. मल्टीमोडचा गाभा ५० मायक्रॉनचा, प्रकाश त्यातून अनेक वाटांनी जातो आणि सगळे एकाच वेळी पोचत नाहीत, म्हणून पल्स पसरतो. १० जीला एका बिटाला साधारण ९७ पिकोसेकंद होते, २५ जीच्या लेनला ३९च आहेत, तेवढ्यात पसरायला जागाच नाही. अलार्म उजेड किती आला तेवढंच बघतो, पल्सचा आकार बिघडलाय हे त्याला दिसत नाही. आधी ठिपका आणि अंतर दोन्ही मिळून लिंक पाडत होते, आता अंतर एकटंच आहे म्हणून तग धरलीये.

बाणेर_९:
मग ओएम४ (ओएम३च्या वरची मल्टीमोड) टाक ना, १०० मीटरपर्यंत चालेल, मॉड्यूल हीच राहतील.

प्रकाशाचा_हमाल:
चालेल, नाही कोण म्हणतंय, ४०० जी एसआर४सुद्धा ओएम४वर १०० मीटर जातं. पण फॉल्स फ्लोअर (केबलसाठी वर उचललेली फरशी) एकदा उघडणारच असशील तर मी पिवळी सिंगल मोडच (बारीक गाभा, प्रकाशाला एकच वाट) टाकीन. आज सीडब्ल्यूडीएम४ मॉड्यूल (चार लेन चार रंगांत एकाच फायबरमधून) लाव, दोन फायबरवर २ किलोमीटर, मॉड्यूल महाग पडतं हे मान्य. उद्या डीआर४ (सिंगल मोडचंच, पण लेनगणिक वेगळा फायबर) आलं तर ५०० मीटर, फक्त त्याला आठ फायबर लागतात म्हणून ट्रंक एमपीओचीच घे, आणि त्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, सपाट टोकाला जोडू नको.

रॅकखालचा:
ओके, दोन्हीची कोटेशन मागवतो. एक येडा प्रश्न: फ्लोअरखाली याच केबलचं वीसेक मीटरचं वेटोळं पडलंय, ते कापून ६५ केलं तर?

चिंचवडचा_स्प्लायसर:
एमपीओची टोकं फॅक्टरीतून बसवून येतात. कापलंस तर बाराच्या बारा फायबर रिबन स्प्लाइस (एकदम वितळवून जोड) करायला लागतील, त्याचं मशीन आणि माणूस शनिवारी मिळव आधी. जमलं तर फोटो टाक.