आठवीच्या वर्गाला इंग्रजी व्हिडिओ दाखवताना सबटायटल्सचे काय करावे?

नमस्कार,

मी सातारा जिल्ह्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी असल्यामुळे माझ्या मुलांनी ही भाषा सात वर्षे वाचलेली आहे, परंतु 'व्हेजिटेबल' म्हणून पाठ केलेला शब्द 'व्हेज्टबल' असा कानावर आला की त्यांना तो ओळखू येत नाही. म्हणून जूनपासून आठवड्यातून दोनदा मी वर्गातील टीव्हीवर पाच-सहा मिनिटांचे व्हिडिओ दाखवते.

मराठी सबटायटल्स ठेवली तर मुले गोष्ट सांगतात, पण त्यातला एकही इंग्रजी शब्द त्यांना आठवत नाही. इंग्रजी सबटायटल्स ठेवली तर तो वाचनाचा तास होतो. एकदा ती बंद करून ऐकलेले वाक्य लिहायला सांगितले, तेव्हा एका मुलीने वहीत 'आम गना ट्राय' असे लिहून मला विचारले, "बाई, हा गणा कोण?" वर्गाबरोबर मीही हसले, पण तिने ऐकले होते अगदी बरोबर. व्हिडिओचा वेग पाऊणपट केला, तरी 'गना'चा 'गोइंग टू' होत नाही.

सध्या एकच मिनिटाचा तुकडा आधी सबटायटल्सशिवाय, मग इंग्रजी सबटायटल्ससह आणि पुन्हा त्यांच्याशिवाय दाखवते. याने फरक पडतो, मात्र त्यात जवळजवळ पूर्ण तासिका जाते आणि नव्या व्हिडिओला पुन्हा तीच गत होते.

हीच मुले हिंदी कार्टून पाहून हिंदी फाडफाड बोलतात (लिंगाच्या चुका करतात, ती गोष्ट वेगळी). हिंदीतले निम्मे शब्द मराठीमुळे ओळखीचे असतात, म्हणून ते जमत असावे. आपल्या पातळीच्या किंचित पुढची, पण अर्थ लागणारी भाषा ऐकली की ती आत्मसात होते, हे भाषा कशी शिकली जाते याचा अभ्यास करणारे अमेरिकी भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांचे म्हणणे मी बीएडला वाचले होते. अडचण अशी की, या मुलांना अर्थ लागेल असे इंग्रजी व्हिडिओ बहुधा चार-पाच वर्षांच्या बाळांसाठी असतात आणि तेरा वर्षांची मुले ते पाहायला लाजतात.

तेव्हा मोठ्या मुलांना रुचतील, पण भाषेने सोपे असतील असे व्हिडिओ आपण कसे निवडता? सबटायटल्स केव्हा काढता? आणि ऐकलेले वाक्य मुलांच्या तोंडून निघावे म्हणून व्हिडिओनंतर नेमके काय करून घेता? वर्गात इंटरनेट भरवशाचे नाही, त्यामुळे व्हिडिओ आधी उतरवून पेन ड्राइव्हवर न्यावे लागतात, हे लक्षात घेऊन सुचवावे.