अनुभव धागा : आठव्या नसेवरची गाठ

व्हेस्टिब्युलर श्वानोमा, म्हणजे जुन्या कागदांवरचा अकूस्टिक न्यूरोमा : ऐकण्याच्या आणि तोलाच्या (आठव्या) नसेवरची गाठ. कॅन्सर नाही, पण जागा अडचणीची. रोज यातच काम करणाऱ्यांनी लिहावं. आपबीती नको, कामाचं तेवढंच.

ऑडिओलॉजिस्ट
'फोनवर आवाज येतो, शब्द कळत नाही' आणि तेही एकाच कानाने, असं कुणी म्हणालं तर नुसत्या ऑडिओग्रामवर (ऐकण्याच्या आलेखावर) थांबू नका, स्पीच टेस्टही (शब्द किती कळतात त्याची तपासणी) करा. लागोपाठच्या दोन फ्रिक्वेन्सींना (स्वरांच्या पट्ट्यांना) दोन्ही कानांत १५ डेसिबलचा फरक असेल तर आधी एमआरआय, मग श्रवणयंत्र. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. अचानक गेलेलं ऐकू स्टिरॉइडने परत आलं तरी एमआरआय चुकवू नये, गाठ असतानाही ते परत येऊ शकतं.

एमआरआय विभाग
चिठ्ठीवर नुसतं 'एमआरआय ब्रेन' नको. ५ मिमीच्या कापांत ३ मिमीची गाठ निसटते. 'आयएएम' (ही नस हाडातून जाते ती आतल्या कानाची नळी) लिहून घ्या. त्यात १ मिमीच्या आतले काप घेतात. कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध) लागणार असेल तर क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट हवा. आणि मागच्या वेळची सीडी आणाच. कागदी रिपोर्टवरून वाढ मोजता येत नाही. १ मिमीचा फरक तर मोजणाऱ्याचा हातही पाडतो.

न्यूरोसर्जरी
लहान गाठीला सहा महिन्यांनी पहिला एमआरआय, पुढे दरवर्षी. वर्षाला २ मिमीपेक्षा जास्त वाढली की उपचाराचं बोलायचं. गामा नाइफने (गाठीवर नेमके किरण सोडण्याचा उपचार, मात्रा १२-१३ ग्रे) गाठ निघत नाही, वाढ थांबते. नंतरच्या सहा ते अठरा महिन्यांत ती बऱ्याचदा फुगते. तेवढ्यावरून ऑपरेशनला धावू नये. ब्रेनस्टेम (मेंदूचा खोडासारखा खालचा भाग) दाबला जात असेल तर मात्र ऑपरेशनच. लॅबिरिंथमधून (आतल्या कानातून) गेलं तर त्या कानाचं उरलंसुरलं ऐकू जातं, हे सही घेण्याआधी सांगितलेलं असावं. घरी गेल्यावर खाली वाकताना नाकातून पाण्यासारखं, खारट काही टपकलं तर ती सर्दी समजू नका, ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. त्याच दिवशी दाखवा, मेंदूज्वराचा धोका असतो.

वॉर्ड नर्स
चेहऱ्याची नस दुखावली की डोळा मिटत नाही. जागेपणी दर एक-दोन तासांनी थेंब, झोपताना मलम आणि पापणीवर आडवी चिकटपट्टी. पट्टीआधी पापणी पूर्ण मिटली का ते बघा. अर्धवट उघड्या डोळ्यावर गॉज ठेवला तर तोच बुबुळाला घासतो, आणि पाचवी नसही (चेहऱ्याला, डोळ्याला स्पर्श कळवणारी) बधिर असेल तर पेशंटला दुखतसुद्धा नाही.

फिजिओ
स्टेमेटिल, सिनारिझिन ही चक्करेची औषधं महिनोन्‌महिने चालू ठेवलं तर मेंदू नवा तोल शिकायला मागे पडतो. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या एका आकड्यावर नजर ठेवून मान डावी-उजवी, एक मिनिट, दिवसातून तीनदा. आकडा धूसर झाला तर वेग कमी करा. थोडं गरगरायला हवंच. काहीच होणार नाही इतकं हळू केलं तर उपयोग शून्य. तोंडाला साबण लावताना डोळे मिटतात आणि तोल तिथेच जातो. न्हाणीत स्टूल ठेवा.

ऑडिओलॉजिस्ट
राहिलं होतं : दोन्ही बाजूंना गाठी असतील किंवा वय तिशीच्या आत असेल तर एनएफ२ची (नसांवर अशा गाठी येणारा जनुकीय आजार) जनुकीय तपासणी.