'पेशीय ऊर्जा' म्हणजे नक्की कसली? (एनएमएन आणि कोक्यूटेन)

म्हापशात फार्मसीत काकांसाठी सप्लिमेंट बघत होते, दोन बाटल्या दाखवल्या, एक एनएमएन, दुसरी कोक्यूटेन, आणि दोन्हीवर सेल्युलर एनर्जी, हेल्दी एजिंग हेच लिहिलेलं. मी घरी "पेशीय ऊर्जा" असं सांगितलं तर काका म्हणाले, मग हातापायात जोर येणार, घेऊया. हा शब्द बरोबर आहे ना? आणि दोन्हींना तोच चालतो का?

प्रतिसाद: ताई, शब्द बरोबर आहे, पण काकांनी तो हिंदीतून ऐकला. हिंदीत सेल म्हणजे कोशिका आणि पेशी म्हणजे मसल, मराठीत पेशी म्हणजे सेल आणि मसलला स्नायू. आपल्याकडे घरात कोकणी, पेपर मराठी आणि टीव्हीवरच्या जाहिराती हिंदी, त्यामुळे हा घोळ कायम होतो. इथली ऊर्जा म्हणजे पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये (मायटोकॉन्ड्रियांत) तयार होणारं एटीपी, म्हणजे पेशी कामासाठी वापरतात ते ऊर्जेचं रसायन, ते मेंदूत, यकृतात, सगळीकडेच लागतं, जोर हा अर्थ त्यात नाही.

दोन्हींना एक शब्द मात्र नको. कोक्यूटेन हे स्वतःच सहविकर, म्हणजे कोएन्झाइम, एन्झाइमला कामात मदत करणारा रेणू, नावातला 'को' तोच. 1957 साली गाईच्या हृदयाच्या तंतुकणिकांत ते सापडलं. एनएमएन सहविकर नाही, ते पूर्वद्रव्य आहे, शरीर त्यापासून एनएडी बनवतं आणि सहविकर आहे ते एनएडी. गंमत म्हणजे एनएडी जे इलेक्ट्रॉन आणून देतं तेच पुढे कोक्यूटेन उचलून नेतं, म्हणजे काम एकाच साखळीतलं पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. कोक्यूटेन तेलात विरघळतं म्हणून जेवणाबरोबर घ्यायला सांगतात, एनएमएन पाण्यात विरघळतं.

प्रतिसाद: एजिंगला "वार्धक्य" लिहितात ते मला पटत नाही, वार्धक्य ही अवस्था झाली, एजिंग ही चाललेली क्रिया आहे. कोकणीत "पिराय जाली" म्हणतो तसं मराठीत "वय होणं" आहेच की, मग "वय होताना निरोगी राहणं" लिहा, लांब झालं तरी चालेल. "चिरतारुण्य" तर अजिबात नको, तसा पुरावाच नाही. एनएमएनने माणसांच्या रक्तातलं एनएडी वाढतं हे दिसलंय, 2021 च्या एका अभ्यासात रोज 250 मिलिग्रॅम 10 आठवडे दिल्यावर मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या बायकांच्या स्नायूंचा इन्सुलिनला प्रतिसाद सुधारला, स्नायूंचा हं, तिथे शब्द अगदी नेमका हवा. पण त्यावरून माणूस जास्त जगतो असं कुणी सिद्ध केलेलं नाही, कोक्यूटेनचंही तेच. आणि काका वॉरफेरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर कोक्यूटेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, त्याने गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो.

देव बरें करूं दोघांनाही. काका रक्त पातळ व्हायची गोळी घेतात खरे, कुठली ते बघते आणि डॉक्टरांना विचारते, तोवर काहीच आणत नाही.