वेगवान गटाची सरासरी: ताशी 35 म्हणजे नेमके काय?

मधला_गट (मूळ प्रश्न)

आमच्या सायकल क्लबात सकाळच्या सरावासाठी तीन गट निघतात आणि मी मधल्या गटात नियमित असतो. आता वेगवान गटात जावे असे मनापासून वाटते. परंतु त्या गटाच्या सूचनेत दर वेळी ‘अंतर 60 किमी, सरासरी ताशी 34 ते 36’ एवढेच लिहिलेले असते. सपाट रस्त्यावर वारा नसताना मी एकटा दीड-दोन तास ताशी 30 चा वेग धरू शकतो, मात्र त्याहून अधिक वेग घेतला की पाय लवकर भरून येतात. या हिशेबाने मला ताशी पाच किलोमीटर कमी पडतात आणि ती तूट भरून काढायला वर्ष तरी जाईल असे दिसते.

दुसरे असे की, त्या गटातल्या ओळखीच्या सायकलस्वारांच्या नोंदी पाहिल्या, तर एकाच राइडची सरासरी एकाकडे जवळपास 32 दिसते, दुसऱ्याकडे 29 सुद्धा भरत नाही आणि सूचनेतली 35 तर कोणाकडेच सापडत नाही. मग हा आकडा कशाचा समजावा? आणि त्या गटात जाण्याची तयारी झाली आहे की नाही, हे सरासरीवरून ठरवता येते का?

वारा_आणि_वॅट

आपण दोन वेगवेगळ्या गोष्टींची वजाबाकी करत आहात, म्हणून पाच किलोमीटरची तूट दिसते. एकट्याचा वेग आणि गटातला वेग यांची तुलना थेट होत नाही. ती लागणाऱ्या शक्तीवरून करावी लागते.

सपाट रस्त्यावर या वेगांना सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यात खर्च होते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. सायकलसह सुमारे 84 किलो वजन, हात हँडलबारच्या ब्रेकहूडवर (ब्रेकच्या दांड्यांच्या मुठींवर) आणि साधारण चांगला रस्ता असे धरून मी गणित केले, तर एकट्याला ताशी 30 साठी सुमारे 150 वॅट, 36 साठी 240 वॅट आणि 40 साठी जवळजवळ 320 वॅट लागतात. शरीराची ठेवण, टायर आणि रस्त्याचा पोत यांनुसार हे आकडे पुढेमागे होतील, पण त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण फारसे बदलणार नाही.

आता तोच 36 चा वेग दुसऱ्याच्या चाकामागे राहून घेतला, तर शक्तीची बचत ढोबळमानाने 25 ते 35 टक्के होते. म्हणजे 240 ऐवजी 170 वॅटच्या आसपास भागते आणि एवढ्या शक्तीत एकटा माणूस ताशी 31 ते 32 ने जातो. आठ जणांच्या गटात प्रत्येकाने आपल्या वाट्याला येईल तितकाच वेळ पुढे राहून, म्हणजे वारा स्वतः झेलत, गट ओढला, तरी त्याची सरासरी शक्ती 180 वॅटच्या आत राहते. आपल्याला तूट आहे ती ताशी पाचची नसून दीड-दोनची आहे, आणि ती वर्षभराच्या कष्टाची बाब नाही.

मात्र एक गोष्ट या सरासरीत लपते. गटात शक्ती स्थिर राहत नाही. पुढे आलात की 240, मागे गेलात की 170, वळणानंतर काही सेकंद त्याहून कितीतरी जास्त, असा चढउतार सतत चालतो आणि स्थिर 180 वॅटपेक्षा असे 180 वॅट शरीराला जड जातात. त्यामुळे एकट्याने सराव करताना केवळ एका वेगाने दोन तास काढू नका. मधूनमधून एक-एक मिनिट जोर लावून, न थांबता पुन्हा मूळ वेगावर स्थिरावण्याची सवय करा.

परिस्थिती बदलली की वेगाचा आकडा किती बदलतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण एका तासाच्या विक्रमाचे आहे. ब्रिटिश सायकलपटू ख्रिस बोर्डमन यांनी 1996 मध्ये मँचेस्टरच्या वेलोड्रोमवर (सायकल शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकवर) तासाभरात 56.375 किमी अंतर कापले, तेव्हा हात पुढे पूर्ण ताणलेली विशेष बैठक आणि वायुगतिकीय (हवेचा रोध कमी करणारी) सायकल त्यांनी वापरली होती. 2000 मध्ये त्याच ट्रॅकवर, बेल्जियन सायकलपटू एडी मर्क्स यांच्या 1972 च्या विक्रमाच्या वेळी होती तशा पारंपरिक धाटणीच्या सायकलवर आणि साध्या बैठकीत त्यांनी 49.441 किमी केले. मधल्या चार वर्षांचे वय जमेस धरले तरी सात किलोमीटरच्या फरकाचा मोठा भाग हवेचा आहे. बंदिस्त ट्रॅकवर, एकाच माणसाच्या बाबतीत आकडा एवढा हलतो; मग उघड्या रस्त्यावरच्या गटाची सरासरी ही कोणा एकाच्या ताकदीचे माप कशी ठरेल?

राइड_लीडर

मी आमच्या क्लबात वेगवान गट नेतो आणि सूचना लिहिण्याचे कामही माझ्याकडेच असते, म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

आपल्या क्लबाच्या सूचनेतला 35 हा बहुधा मोकळ्या सपाट रस्त्यावर धरायचा वेग आहे आणि त्याला चुकून सरासरी म्हटले जाते. आमच्या 60 किमीच्या मार्गाचाच हिशेब मांडतो. जाताना आठ आणि येताना आठ किलोमीटर वस्तीतून जावे लागते. तेथे सिग्नल आहेत, पादचारी आहेत आणि ताशी 24 च्या वर जाणे योग्यही नाही. या 16 किमीला 40 मिनिटे लागतात. उरलेले 44 किमी आम्ही 36 ने काढतो, त्याला सुमारे 73 मिनिटे लागतात. एकूण 113 मिनिटांत 60 किमी, म्हणजे सरासरी 31.8. ज्याच्या सायकल काँप्युटरवर ऑटो-पॉज (सायकल थांबली की वेळ मोजणे थांबवणारी सोय) चालू आहे त्याला हीच सरासरी दिसते. ज्याने तो बंद ठेवला आहे आणि पाणी भरायला व पंक्चर काढायला मिळून 12 मिनिटे गेली आहेत, त्याला 28.7 दिसते. आपण पाहिलेल्या 32 आणि 29 या नोंदींमागचे कारण असेच काही असावे.

आता या सरासरीच्या मागे लागण्यातला धोका पाहा. एखाद्याने ठरवले की आज सरासरी 34 झालीच पाहिजे. वस्तीतली 40 मिनिटे कमी होत नाहीत, त्यामुळे मोकळे 44 किमी 66 मिनिटांत काढावे लागतात आणि त्यासाठी वेग ताशी 40 लागतो. वर दिलेल्या आकड्यांप्रमाणे पुढच्या सायकलस्वाराला 240 च्या जागी 320 वॅट लावावे लागतील. सरासरीत जेमतेम सव्वादोनची वाढ दिसावी म्हणून पुढे ओढणाऱ्याकडून तिसऱ्या हिश्श्याने जास्त शक्ती मागितली जाते, आणि तसे झाले की गट दहा-पंधरा किलोमीटरांत फुटतो. तो फुटला नाही, तर याहून वाईट घडते: मंडळी वस्तीतल्या रस्त्यावर वेळ वाचवू पाहतात. पिवळ्या दिव्यावर पुढचे चौघे निघून जातात, मागचे चौघे लाल दिव्यात त्यांच्यामागे धावतात. हे मी कोणत्याही कारणासाठी चालू देत नाही. आमच्या राइडचा वेग मोजायला सुरुवात होते ती शेवटच्या सिग्नलपलीकडच्या मैलाच्या दगडापासून, आणि परतताना तो दगड आला की सगळे सुटे होतात. त्यानंतर काँप्युटर काय दाखवतो याकडे कोणी पाहू नये, असा आमचा दंडक आहे.

वाऱ्याचेही तेच. जाताना वारा पाठीशी असल्यामुळे 30 किमी ताशी 40 ने गेलो आणि येताना तोच वारा समोरून घेत 30 ने आलो, तर सरासरी 35 येत नाही, 34.3 येते, कारण मंद वेगाच्या टप्प्यात वेळ जास्त जातो. चढउताराच्या मार्गावर हा फरक आणखी वाढतो.

म्हणून आमच्या सूचनेत हल्ली चार गोष्टी स्पष्ट असतात: मोकळ्या सपाट रस्त्यावरचा वेग, पुढे ओढण्याची पद्धत, मागे पडलेल्यासाठी गट कुठे थांबेल आणि कुठे थांबणार नाही. सरासरी लिहिणे आम्ही बंद केले आहे.

शेवटची_उडी

वरील गणिताशी मी सहमत आहे, तरीही सरासरी अगदी निरुपयोगी ठरवण्याला माझा विरोध आहे. मी स्पर्धांमध्ये उतरतो. एकच मार्ग, एकच सुरुवात आणि एकच शेवट ठेवून, मोकळ्या टप्प्याची सरासरी महिनोन्‌महिने लिहून ठेवली, तर गटाची एकूण वाटचाल त्यातून निश्चित दिसते. वाऱ्याची दिशा आणि हजर सायकलस्वारांची संख्या शेजारी लिहावी, एवढेच पथ्य आहे.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. वेगवान गट हा कठीणच असला पाहिजे. प्रत्येक वेळी सर्वांसाठी थांबायचे ठरवले, तर ज्यांना स्पर्धेच्या तयारीसाठी खरा ताण हवा आहे त्यांना तो कुठेच मिळत नाही आणि ते क्लब सोडून आपापले चार जण गोळा करतात. मागे पडणे हा अपमान नाही. तो या सरावाचा भाग आहे. फक्त ते आधी सांगितलेले असावे, मार्ग प्रत्येकाकडे असावा आणि मागे पडलेला माणूस स्वतःच्या बळावर परतू शकेल इतके पाणी, ट्यूब आणि पंप त्याच्याजवळ असावेत.

प्रश्नकर्त्यांना एक सूचना: असा सराव आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा करावा आणि बाकीच्या राइड खरोखर हळू, गप्पा मारता येतील अशा गतीने कराव्यात. रोज थोडे थोडे दमणारा माणूस वेगवान गटात थकलेल्या पायांनीच येतो.

मधला_गट

सर्वांचे आभार. शक्तीचा हिशेब वाचून धीर आला. माझ्याकडे पॉवर मीटर (पायांची शक्ती वॅटमध्ये मोजणारे यंत्र) नाही, हार्ट रेटचा पट्टा आहे. आता खरी धास्ती वेगाची राहिलेली नाही, पुढे येण्याच्या पाळीची आहे. आठ-दहा जणांत माझी पाळी आली आणि मला 36 झेपले नाही, तर सगळ्यांचा सराव माझ्यामुळे बिघडेल. अशा वेळी काय करावे? पाळी घेऊच नये का?

चाकामागे_चाक

पाळी न घेता मागे राहणे पूर्णपणे मान्य आहे, फक्त ते नीट करावे लागते. त्याआधी फिरती रांग कशी चालते ते पाहू.

दोन रांगा शेजारी शेजारी असतात. एक किंचित वेगाने पुढे सरकते, दुसरी किंचित मंदावत मागे येते. पुढे सरकणाऱ्या रांगेचा पहिला सायकलस्वार शेजारच्या रांगेतल्या पहिल्याला ओलांडतो, मागच्याने ‘क्लिअर’ म्हटले की हळूच त्याच्यासमोर सरकतो आणि पायांवरचा जोर अगदी थोडा कमी करतो. वारा आडवा असेल तर मागे येणारी रांग वाऱ्याच्या बाजूला ठेवतात, म्हणजे पुढे जाणाऱ्यांना तिचा आडोसा मिळतो. अशा फिरत्या रांगेत तोंडावर वारा घेण्याची पाळी काही सेकंदांचीच असते.

नवखा माणूस सर्वांत जास्त नुकसान करतो ते कमी पडून नव्हे, तर उत्साहाने. आपली पाळी येताच तो 36 चे 39 करतो. त्याच्यामागे लगेच फट पडते आणि जो नुकताच बाजूला होऊन मागे येत आहे, त्याला रांगेच्या शेपटाला चिकटताना दम लागलेल्या स्थितीत धावावे लागते. तेव्हा पुढे येताना काँप्युटरवरचा आकडा बघा आणि तोच ठेवा. ताकद जास्त असलेल्याने जास्त वेळ ओढावे, जास्त वेगाने ओढू नये. ताकद कमी असलेल्याने पुढे येताच बाजूला व्हावे. वेग कमी करून पुढेच अडून राहू नये.

फट का पडू द्यायची नाही, हेही आकड्यात सांगतो. ताशी 36 म्हणजे सेकंदाला दहा मीटर. पुढच्या चाकापासून दहा मीटर मागे पडलात आणि ते अंतर वीस सेकंदांत भरून काढायचे ठरवले, तर तेवढा वेळ जवळजवळ ताशी 38 ने, उघड्या हवेत जावे लागते. वरचेच गृहीतक धरले तर ते सुमारे 275 वॅट होतात, तर चाकामागे राहिला असता तर 170 लागले असते. असे तीन-चारदा झाले की माणूस सुटतो, आणि सुटताना त्याला वाटते की वेग जास्त होता. प्रत्यक्षात त्याने फटी बुजवण्यात पाय संपवलेले असतात. वळण येण्यापूर्वी रांगेच्या मधल्या भागात असण्याचा प्रयत्न करा, कारण वळणानंतरचा झटका शेपटाला सर्वांत जोरात बसतो.

नजर पुढच्याच्या टायरवर खिळवू नका; त्याच्या खांद्यावरून दोन-तीन जण पुढे पाहा. सुरुवातीला अर्ध्या चाकाएवढे अंतर ठेवले तरी आडोसा भरपूर मिळतो. आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी कधीही जाऊ देऊ नका. तो जरासा सरकला तरी पडाल तुम्ही, आणि तुमच्यामागचेही.

मागेच राहायचे असेल, तर शेवटच्या जागेवर थांबा आणि मागे येणाऱ्या प्रत्येकाला आपल्यापुढे जागा असल्याचे मोठ्याने सांगा. रांगेच्या मध्ये राहून पाळी टाळली तर पाळ्यांची साखळी तुटते.

राइड_लीडर

याला फक्त दोन गोष्टी जोडतो. पहिल्या राइडला निघण्यापूर्वी लीडरला भेटून सांगा की आपण पहिल्यांदाच येत आहात आणि बहुतेक वेळ मागे राहणार आहात; मी अशा वेळी एका अनुभवी सायकलस्वाराला शेवटून दुसऱ्या जागी ठेवतो. दुसरे म्हणजे पोटाचे पाहा. दोन तासांच्या अशा राइडमध्ये भूक लागण्याची वाट न पाहता सुरुवातीपासून तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके पोटात जाऊ द्या, आणि ती शेवटच्या जागेवर असताना खा. एका हाताने पुडी फोडत रांगेच्या मध्ये चालवू नका.

हार्ट रेटचा पट्टा असल्याचे आपण लिहिले आहे, तो पुरेसा आहे. चाकामागे असतानाही नाडी खाली येईनाशी झाली, तर पुढची पाळी सोडा. दोन-तीन पाळ्या सोडूनही ती उतरत नसेल, तर लीडरला हाक देऊन सांगा आणि पुढच्या थांब्यापर्यंत मागेच राहा.