देणगीचे साठ हजार: फ्लूची लस की बागेतला कठडा?

जमाखर्च (मिरज)

नमस्कार मंडळी. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा मी खजिनदार. बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे पावती नसलेला खर्च दिसला की मला झोप लागत नाही. यंदा एका सभासदाच्या मुलाने आईच्या स्मरणार्थ ६०,००० रुपये दिले. अट एकच, आरोग्यासाठी वापरा. सभासद ११२, वयं ६१ ते ८९.

लगेच कार्यकारिणीत दोन तट. अध्यक्ष म्हणतात, सगळ्यांना फ्लूची लस देऊ. औषधांच्या ठोक विक्रेत्याने एका डोसचा भाव १,२०० सांगितलाय, म्हणजे पन्नास जणांतच पैसे संपतात. दुसरा तट म्हणतो, सर्दी-तापाला कसली लस! त्यापेक्षा बागेच्या पायऱ्यांना कठडा करा, पडून खुबा मोडणारे जास्त आहेत. खरं सांगायचं तर कठड्याचं मलाही पटतं, कारण तो एकदा केला की झाला. लस म्हणे दर वर्षी घ्यावी लागते.

तर प्रश्न असा, की हे पैसे वसूल होतात का? "आरोग्याचं मोल पैशात करू नये" वगैरे लिहिणार असाल तर नका लिहू. मला सभेत हिशेब ठेवायचाय.

प्राजक्ता_मेडिकल

काका, विकत घ्यायच्या आधी फुकट काय मिळतंय ते बघा. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांना, गरोदर बायकांना आणि दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांना ही लस मोफत द्यायचं धोरण आपल्या राज्याने २०१५ च्या स्वाइन फ्लूच्या साथीनंतर घेतलं. साठा असतोच असं नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत. तुमच्या ११२ जणांत शुगर-बीपीवाले निम्मे तरी निघतील.

दुसरं म्हणजे वेळ. आमच्या दुकानात लोक ऑक्टोबरमध्ये विचारायला येतात, कारण अमेरिकेतल्या मुलाने फोनवर तसं सांगितलेलं असतं. तिकडे फ्लू हिवाळ्यात येतो. आपल्याकडे मोठी लाट पावसाबरोबर येते, जुलै ते सप्टेंबर, आणि धाकटी जानेवारी ते मार्च. लसीचा असर दिसायला दोन आठवडे लागतात, म्हणून मे महिना किंवा फार तर जूनचा पहिला आठवडा गाठा.

भावाबद्दलही घासाघीस करा. बाजारात चार घटकांची, म्हणजे फ्लूच्या चार विषाणूंवरची लसही विकली जाते. त्यातला बी-यामागाता नावाचा विषाणू मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीने सापडलेलाच नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२३ मध्येच सांगितलंय की तो घटक लसीत नको. तीन घटकांची मिळाली तर बिनधास्त घ्या, चौथ्यासाठी जादा पैसे मोजू नका.

तिखट_रस्सा

माझ्या सासऱ्यांनी घेतली होती. आठवड्यात तापाने फणफणले. लसीचे पैसे गेलेच, वर डॉक्टरचे वेगळे. कठडा करा काका.

प्राजक्ता_मेडिकल

टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो हो, तिने फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कसकस वाटते. आठवड्याने आलेला ताप दुसऱ्या कशाचा तरी असणार. पावसाळ्यात आपल्याकडे तापांचा काय तुटवडा आहे का?

लेस्टरचा_पाहुणा

काका, मी इंग्लंडमध्ये आरोग्यखर्चाच्या हिशेबाचे हेच तक्ते भरून पोट भरतो. इथे २००० सालापासून ६५ च्या पुढच्या सगळ्यांना ही लस मोफत आहे. पण इथला हिशेब उचलून तिकडे लावू नका. इथे लस सरकार घेतं आणि हॉस्पिटलचा खर्चही सरकारच करतं, त्यामुळे भरती टळली की तो पैसा त्याच तिजोरीत वाचतो. तुमच्याकडे लस संघाच्या खात्यातून जाणार आणि आयसीयूचं बिल मुलगा भरणार. नाहीतर आयुष्मान कार्ड. सत्तरीपुढच्या सगळ्यांना ते ऑक्टोबर २०२४ पासून खुलं झालंय, पण ते लागतं भरती झाल्यावर. संघाच्या वहीत हा खर्च कधीच वसूल दिसणार नाही, तेव्हा सभेत आधी कोणाच्या वहीतून बोलताय ते ठरवा.

आता आकडे. कोक्रेन म्हणून वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था आहे, तिने २०१८ मध्ये ज्येष्ठांवरच्या चाचण्या एकत्र मांडल्या. एका हंगामात लस न घेतलेल्या शंभरातल्या ६ जणांना फ्लू झाला, घेतलेल्यांत २.४. म्हणजे एकाचा फ्लू टाळायला साधारण ३० जणांना टोचायचं. तुमच्या दराने ३६,००० रुपये. आणि टळलेला तो फ्लू बहुतेक वेळा घरीच, पॅरासिटॅमॉल आणि पेजेवर बरा होणारा. रोज चार किलोमीटर चालणाऱ्या, कसलंही औषध चालू नसलेल्या बासष्ट वर्षांच्या गृहस्थावर देणगीचे पैसे घालू नयेत असं माझं मत. त्याला हवी असेल तर त्याने स्वतःच्या पैशाने जरूर घ्यावी.

लसीने मृत्यू किती टळतात हे त्या चाचण्यांतून नीट कळत नाही, तेवढी माणसंच त्यांत नव्हती. पूर्वी नुसत्या नोंदी चाळून केलेल्या काही अभ्यासांत हिवाळ्यातले ज्येष्ठांचे निम्मे मृत्यू लसीने टळतात असं यायचं. पण हिवाळ्यातल्या एकूण मृत्यूंपैकी फ्लूचेच जेमतेम दहा टक्के, मग निम्मे टळतील कसे? अमेरिकेत तपासलं तेव्हा दिसलं की लस घेतलेले लोक साथ सुरू व्हायच्या आधीच्या महिन्यांतही इतरांपेक्षा कमी मरत होते. जो आपल्या पायाने लस घ्यायला येतो तो मुळात बरा असतो. तुमच्या शिबिरात हेच होणार. पहिल्या रांगेत ठणठणीत मंडळी, आणि ज्यांना खरी गरज ती घरी खाटेवर.

पण तीच लस दुसऱ्या माणसाला दिली की हिशेब पार फिरतो. हार्ट अटॅक येऊन दाखल झालेल्या अडीच हजार रुग्णांवरची एक चाचणी २०२१ मध्ये छापून आली. निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतं सलाईन टोचलं. वर्षभरात सलाईनवाल्यांतले ४.९ टक्के दगावले, लसवाल्यांतले २.९. शंभरात दोन, म्हणजे पन्नास जणांना टोचलं की एक जीव वाचतो. ६०,००० रुपये, नेमकी तुमची देणगी! करोनामुळे ती चाचणी मध्येच थांबवावी लागली, शिवाय ते सगळे ताज्या अटॅकचे रुग्ण, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा धरू नका. फायदा निम्मा धरला तरी १,२०,००० ला एक जीव. भारतात सरकारसाठी असे हिशेब करतात तेव्हा निरोगी आयुष्याच्या एका वर्षाला साधारण दरडोई जीडीपीएवढा (देशाचं वर्षाचं उत्पन्न भागिले लोकसंख्या) खर्च परवडतो असं मानतात, म्हणजे दोन लाखांच्या पुढे. वाचलेला माणूस एकच वर्ष जगला तरी सौदा स्वस्तच.

तेव्हा यादी वयाने लावू नका, आजाराने लावा. हृदयरोग, दमा आणि सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट आजार), डायलिसिस, केमो चालू असलेले.

जाता जाता, शक्य असेल त्यांनी नातवंडांनाही द्या. जपानमध्ये १९६२ पासून शाळेतल्या मुलांना सरसकट टोचायचे, आणि तेव्हा म्हाताऱ्यांचे हिवाळ्यातले मृत्यू कमी झाले होते. १९९४ मध्ये ते थांबलं आणि मृत्यू पुन्हा वाढले. तो सगळा फरक लसीचाच असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण फ्लू घरात बहुधा दप्तराबरोबरच येतो.

जमाखर्च (मिरज)

आभारी आहे. ३६,००० आणि ६०,००० हे दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले आणि पाच मिनिटं सभेत कोणी बोललं नाही, आमच्याकडे हे दुर्मीळ.

यादी करायला घेतली तर निराळंच त्रांगडं. लोक आजार लपवतात. बायपास झालेले एक सभासद "मला काही झालेलं नाही" म्हणून फॉर्म परत देऊन गेले. शेवटी चिठ्ठी बंद पाकिटात मागवली. हृदय, फुप्फुस, किडनी मिळून २६ निघाले, त्यांतले सात जण घराबाहेर पडत नाहीत. २६ चे ३१,२०० झाले, उरले २८,८००. कठड्याचं कोटेशन ३१,५००. फॅब्रिकेटर एक पैसा सोडत नाही. २६ पैकी निम्म्यांना शुगरही आहे, त्यांचं सरकारी दवाखान्यात विचारून आलो. साठा आला की कळवतो म्हणाले. तेवढे डोस मोफत मिळाले तर कठडा बसतो. नाहीतर २,७०० मी घालतो, पण पावती संघाच्या नावाने हवी.

प्राजक्ताताई, त्या सात जणांना घरी जाऊन द्यायची तर लस कशात न्यायची? आमच्या चिटणीसांकडे आइस्क्रीमचा थर्मास आहे.

प्राजक्ता_मेडिकल

थर्मास नको काका, लसीचा कॅरियर मागून घ्या. २ ते ८ अंश लागतं. बर्फाला थेट चिकटून गोठली तर टाकूनच द्यावी लागते, आणि प्रत्येकी १,२०० गेले. सातही घरं एकाच फेरीत होतील अशी सिस्टर बघा, दर घरी फी लावणारी नको. टोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं तिला बसवून घ्या. आधी प्रत्येकाच्या डॉक्टरांना फोन करून विचारा, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. आणि नाकात मारायची लस कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, ती या वयासाठी नाही.